हिरवळीवरची पंडिता

१९३४ सालच्या विम्बल्डन स्पर्धेत महिला एकेरीच्या पहिल्या फेरीत एक निकाल लागला. इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेल यांना मुंबईच्या लीला राव या बावीस वर्षांच्या मुलीने ४-६, १०-८, ६-२ असे हरवले. विम्बल्डनच्या हिरवळीवर भारतीय स्त्रीने जिंकलेला तो पहिला सामना. त्याच वर्षी फ्रेड पेरी पुरुषांत आणि डोरोथी राउंड स्त्रियांत विजेते ठरले. दोघेही इंग्रज असल्यामुळे तिकडे त्यांच्याच नावाचा गजर झाला. लीला राव पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफ यांच्याकडून हरली आणि तिचे नाव निकालांच्या लांबलचक यादीत एका ओळीपुरते उरले.

माझी सगळी नोकरी बँकेत आकड्यांशी झटापट करण्यात गेली. त्यामुळे आकडे दिसले की ते नुसते वाचून पुढे जाणे मला जमत नाही. या निकालातला मधला आकडा पाहा. १०-८. तेव्हा टायब्रेकर नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राहायचा. म्हणजे हा सेट ५-५ वर आला, मग ६-६, मग ७-७, मग ८-८. पहिला सेट गमावून बसलेली ही मुलगी चार वेळा अशा जागी उभी होती, की समोरच्या बाईने लागोपाठ दोन गेम घेतले असते तर सगळे संपले असते. चारही वेळा ती तिथून परत आली आणि शेवटचा सेट तिने सहज खिशात घातला. हा चिवटपणा कुठून आला असेल, या कुतूहलापोटी मी तिच्या घराचा माग काढत गेलो आणि तिच्या आईपाशी येऊन थांबलो. आज लेकीबद्दल थोडे आणि या आईबद्दल जास्त सांगायचे आहे.

आईचे नाव क्षमा राव. संस्कृतच्या जाणकारांत त्या पंडिता क्षमा राव म्हणून ओळखल्या जातात. विसाव्या शतकात संस्कृतातून विपुल लिहिणाऱ्या स्त्रियांमध्ये त्यांचे नाव पहिल्या रांगेत घेतले जाते. टेनिसच्या जुन्या नोंदींतही राव हे नाव आहे, आणि ते फक्त लेकीचे नाही. १९२० च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या टेनिसमध्ये आईचेही नाव होते. एका हाताने अनुष्टुभ लिहायचा आणि दुसऱ्या हाताने बॅकहँड मारायचा, अशी ही बाई आपल्या मराठी मुलखातली.

मुलूख कुठला, तेही सांगतो. आम्हा कोल्हापूरकरांना तो परका नाही. गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. तिथून कुडाळच्या बाजूला बांबुळी नावाचे गाव आहे. नोकरीत काही वर्षे मी त्या भागात होतो. कर्जवसुलीसाठी वाडीवाडीवरून हिंडताना हे नाव कितीदा तरी कानावर आले असेल. त्या वेळी माझ्या डोक्यात आंबा-काजूच्या बागायतीचे हप्ते होते. बांबुळीच्या पंडितांचे घराणे भारतभर विद्वत्तेसाठी ओळखले जाते, हे मला फार उशिरा कळले. विजयालक्ष्मी पंडित यांचे पती आणि ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतरकार रणजित पंडित यांचे मूळही याच बांबुळीचे.

क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या संस्कृत अभ्यासातले मोठे नाव. कालिदासाचे ‘रघुवंश’ आणि ‘मालविकाग्निमित्र’ त्यांनी साक्षेपाने संपादित केले. वाक्पतिराजाचे प्राकृत महाकाव्य ‘गउडवहो’ही त्यांनीच प्रकाशात आणले. वेदांचा अर्थ सामान्य वाचकांपर्यंत पोहोचावा म्हणून ‘वेदार्थयत्न’ हे नियतकालिक चालवले. सायणभाष्यासह अथर्ववेदाचे संपादन हे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम. हे सगळे सरकारी नोकरी सांभाळून. सरकारी कागदपत्रांच्या भाषांतराचे खाते त्यांच्याकडे होते आणि पुढे पोरबंदर संस्थानाचे प्रशासक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

क्षमाबाईंचा जन्म ४ जुलै १८९० रोजी पुण्यात झाला. त्या दीड-दोन वर्षांच्या असतील, तेव्हा पोरबंदरला वडिलांकडे एक तरुण संन्यासी पाहुणा म्हणून येऊन राहिला. तो शंकररावांच्या ग्रंथसंग्रहात रमला, त्यांच्या वेदांच्या कामात त्याने हातभार लावला आणि पाश्चात्त्य देशांत जाण्याचा विचार त्याच्या मनात पक्का करणाऱ्यांत शंकरराव एक होते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. तो संन्यासी म्हणजे स्वामी विवेकानंद. आणखी एक योग पाहा. ज्या पोरबंदरचा कारभार शंकररावांनी पाहिला, त्याच पोरबंदरात मोहनदास गांधी जन्मले होते. पुढे चाळीस वर्षांनी शंकररावांची लेक त्या मोहनदासवर संस्कृत काव्य लिहिणार होती. कादंबरीत मी असा योगायोग घातला असता, तर संपादकांनी तो खोडला असता.

मार्च १८९४ मध्ये शंकरराव वारले. अथर्ववेदाचे खंड १८९५ ते १८९८ या काळात छापून बाहेर आले. ते पाहायला संपादक नव्हता. लेक तेव्हा चार वर्षांचीही झाली नव्हती.

बँकेत वारसाच्या अर्जांचे एक वेगळे टेबल असते. त्या टेबलावर मी काही वर्षे काढली. खातेदार गेला की कुटुंब येते, फॉर्म भरला जातो, वारसांची नावे लिहिली जातात. आधी मुलगे आणि सगळ्यांत खाली लेकी, हा क्रम मी शेकडो अर्जांत पाहिला. पुष्कळदा लेकींकडून हक्क सोडल्याची सही आधीच घेतलेली असायची. शंकररावांच्या पश्चात त्यांच्या विद्येचा वारस कोण, असा अर्ज १८९४ मध्ये कोणी भरला असता, तर पावणेचार वर्षांच्या क्षमाचे नाव त्यात कोणी घातले नसते. पण हक्क न सोडलेली वारस तीच निघाली. तो हक्क सांगायला तिला जवळजवळ चाळीस वर्षे लागली, एवढेच.

१९१० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांचा विवाह मुंबईतले नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी झाला. हे गृहस्थही साधे नव्हते. रुग्ण तपासून झाल्यावर सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या संशोधक डॉक्टरांपैकी ते एक. काळा आजारासारख्या रोगांच्या परोपजीवींवर त्यांनी काम केले. आडनावाचे स्पेलिंग त्यांनी असे ठेवले होते, की इंग्रज ते ‘रो’ असे वाचत. म्हणून विम्बल्डनच्या जुन्या तक्त्यांत राव शोधायला जाणाऱ्याला ते सापडत नाहीत. १९ डिसेंबर १९११ रोजी लीलाचा जन्म झाला.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन सुरू केले ते १९०९ साली. महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ निघायला १९१६ उजाडायचे होते. मुलीला चौथी इयत्तेपर्यंत शिकवणारा बाप सुधारक ठरायचा. बाईने धावणे ही गोष्टच घरंदाजपणात बसत नव्हती. घरात आग लागली, तरच बाईने धावावे, अशा त्या दिवसांत एक लग्न झालेली, मूल असलेली बाई रॅकेट घेऊन कोर्टवर उतरते, चार लोकांसमोर घाम गाळते आणि जिंकते. डॉक्टर नवऱ्याचा पाठिंबा होता, घरी सुबत्ता होती, मुंबईसारखे शहर होते, हे सगळे मान्य. तरीही पाऊल उचलावे लागते ते आपले आपल्यालाच. इंग्लंड-फ्रान्समध्येसुद्धा स्त्रियांचा खेळ त्याच सुमाराला मोकळा होत होता. १९१९ मध्ये फ्रान्सची सुझान लांग्लेन पोटऱ्या दिसतील एवढ्या आखूड झग्यात विम्बल्डनला उतरली, तेव्हा तिथल्या सभ्य समाजाच्याही भुवया वर गेल्या होत्या. आपल्या बायका तर साडी नेसून खेळत.

आता या खेळाच्या जमिनीविषयी दोन शब्द. कोल्हापूरच्या माणसाला मातीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आमच्याकडे कुस्तीचा हौदा म्हणजे लेकराप्रमाणे जपायची वस्तू. लाल माती चाळायची, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू घालायचे, रोज उकरून ती भुसभुशीत ठेवायची. मल्लाला ती माती धरून ठेवते, पडला तर झेलते. टेनिसची हिरवळ तशीच जिवंत असते, पण स्वभावाने उलटी. ती कोणाला धरत नाही. गवत अगदी कमी उंचीचे कापलेले असते. विम्बल्डनला आज ते आठ मिलिमीटर ठेवतात. चेंडू त्यावर टप्पा घेऊन वर उसळत नाही, तर घसरत, पायांशी बसत पुढे येतो. आपल्याकडच्या सारवलेल्या किंवा मुरमाच्या कोर्टवर चेंडू कमरेपर्यंत येतो आणि विचार करायला क्षणभर उसंत देतो. हिरवळीवर ती उसंत नाही. गुडघे वाकवा, पुढे जा, चेंडू हवेतच मारा. त्यातून सकाळचे दव, मधूनच पावसाची सर आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत बेसलाइनपाशी गवत जाऊन उघडी पडलेली माती. मुंबईच्या टणक कोर्टवर शिकलेल्या मुलीने तिथे जाऊन तीन सेट खेळून जिंकावे, याचे मोल म्हणूनच जास्त.

दुसरी गोष्ट पैशांची, आणि ती मी सोडणार नाही. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची. तेव्हा फक्त पुरुषांची एकेरी होती, बावीस जणांनी नावे दिली होती आणि स्पेन्सर गोर जिंकला होता. स्त्रियांना प्रवेश मिळाला १८८४ मध्ये. पण व्यावसायिकांना दार उघडले ते थेट १९६८ साली. तोपर्यंत जो खेळून पैसे घेईल त्याला त्या हिरवळीवर पाय ठेवता येत नसे. बिल टिल्डन, सुझान लांग्लेन, फ्रेड पेरी यांच्यासारखे विजेतेही पैसे घेऊन खेळू लागले आणि त्या दिवसापासून तिथे परके झाले. ऑगस्ट १९६७ मध्ये विम्बल्डनने आपल्याच अंगणात पहिल्यांदा व्यावसायिक पुरुषांची स्पर्धा भरवली. आठच खेळाडू होते. अंतिम सामन्यात रॉड लेव्हरने केन रोझवॉलला हरवले. प्रेक्षकांची गर्दी पाहून यजमानांची खात्री पटली आणि पुढच्या वर्षापासून हौशी आणि व्यावसायिक हा भेद गेला. १९६८ मध्ये पुरुष विजेत्याला दोन हजार पौंड आणि महिला विजेतीला साडेसातशे पौंड मिळाले. ही दोन बक्षिसे सारखी व्हायला २००७ साल उजाडले.

हौशीपणाचा हा नियम कानाला मोठा गोड लागतो; खेळ कसा खेळासाठी खेळावा! पण जमाखर्च मांडला की त्याचा अर्थ सरळ होतो. ज्याच्या घरी पैसा आहे त्यानेच यावे. बोटीचे भाडे, लंडनमधला महिन्या-दीड महिन्याचा मुक्काम, रॅकेटी, बूट, सगळे ज्याचे त्याने बघायचे. लीला राव तिथे पोहोचली याचे श्रेय तिच्या मनगटाला आहे आणि तेवढेच मुंबईच्या त्या डॉक्टरी घरालाही आहे. त्या काळी आमच्या पंचगंगेच्या काठी तिच्याइतकी चपळ मुलगी जन्मली असती, तर ती पाटी घेऊन उसाच्या फडात गेली असती. हे लिहिताना राव मायलेकींना कमी लेखायचे नाही. दारे किती अरुंद होती, हे ध्यानात यावे म्हणून लिहिले.

क्षमाबाईंना स्वतःला हा फरक दिसत नव्हता असे मात्र नाही. त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग इथूनच सुरू होतो. १९३० मध्ये गांधीजी दांडीला चालत गेले आणि देश ढवळून निघाला. क्षमाबाई तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. वडिलांची भाषा त्यांनी प्रौढपणी शास्त्र्यांजवळ बसून पक्की केली होती. आता त्या भाषेत त्यांनी लिहायला घेतले, आणि विषय घेतला तो मिठाचा, खादीचा, लाठ्या खाणाऱ्या सत्याग्रहींचा. ग्रंथाचे नाव ‘सत्याग्रहगीता’. अध्याय अठरा, भगवद्गीतेइतकेच. छंद बहुतांशी अनुष्टुभ, म्हणजे रामायण-महाभारताचा. ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानात असे पुस्तक छापणे धोक्याचे होते. म्हणून ते १९३२ मध्ये पॅरिसला छापले गेले.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की मन थबकते. १९३२ मध्ये इंग्रजांविरुद्धचे काव्य पॅरिसमध्ये छापून येते आणि १९३४ मध्ये त्याच कवयित्रीची लेक इंग्रजांच्या सर्वांत मानाच्या मैदानावर पांढऱ्या कपड्यांत खेळते. एकाच घरातल्या या दोन गोष्टी. काहीजण म्हणतील हा दुटप्पीपणा झाला. मीही या प्रश्नावर बरेच दिवस घुटमळलो. जिमखान्यावर साहेबांबरोबर चहा घ्यायचा आणि घरी येऊन सत्याग्रहावर श्लोक रचायचे, हे फार सोयीचे नाही का?

मला स्वतःला ते सोयीचे वाटत नाही. क्षमाबाईंना आपले नाव दडवून लिहिता आले असते, पण त्यांनी ते दडवले नाही. सरकारदरबारी प्रतिष्ठा असलेल्या डॉक्टरच्या पत्नीला गमावण्यासारखे पुष्कळ असते. शिवाय खेळ साहेबाचा असला, तरी त्यात साहेबाला हरवायला बंदी नव्हती. कोर्टची आखणी दोन्ही बाजूंना सारखीच असते, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. कचेरीत, न्यायालयात, आगगाडीच्या डब्यात आखणी सारखी नव्हती. १९२१ मध्ये भारताच्या संघाने डेव्हिस चषकात पहिल्यांदा भाग घेऊन पॅरिसमध्ये फ्रान्सला ४-१ असे हरवले, तेव्हा इथल्या लोकांना जे बळ मिळाले त्याचा स्वातंत्र्याच्या इच्छेशी काहीच संबंध नव्हता, असे कोण म्हणेल?

सत्याग्रहाची ही कथा त्यांनी अर्धी सोडली नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर, १९४८ मध्ये, ‘उत्तरसत्याग्रहगीता’ आली. तिसरा भाग ‘स्वराज्यविजय’ त्यांच्या निधनानंतर, १९६२ साली प्रसिद्ध झाला. समोर घडणारा इतिहास जवळजवळ रोजनिशी ठेवल्यासारखा महाकाव्यात उतरवत नेणे, हे काम दोन दशके चालले.

त्याहीपेक्षा मला त्यांच्या कथा महत्त्वाच्या वाटतात. ‘कथापञ्चक’ या संग्रहात पाच पद्यकथा आहेत. त्यांतली एक बालविधवेची. ‘ग्रामज्योति’मध्ये खेड्यांतल्या सत्याग्रहाच्या काळातली साधी माणसे येतात. ‘कथामुक्तावली’ तर गद्यात आहे. संस्कृत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजे, अप्सरा, तपोवने येतात. या बाईने त्या भाषेच्या ओसरीवर केस कापलेली विधवा आणून बसवली, शेतसाऱ्यासाठी गुरे जप्त झालेला शेतकरी आणून बसवला. देववाणीला माणसांची दुःखे सांगायला लावली.

इथे मात्र एक कथालेखक म्हणून माझे त्यांच्याशी भांडण आहे. बालविधवेची कथा जिला वाचून धीर आला असता, तिला संस्कृत येत नव्हते. शेतकऱ्याला तर मुळाक्षरेही येत नव्हती. मग ही पुस्तके लिहिली कोणासाठी? मराठीत लिहिली असती, तर आज घरोघर त्यांचे नाव असते. या प्रश्नाचे उत्तर मी त्यांच्या वतीने शोधत राहिलो. मला सापडलेले उत्तर असे. विधवेला वेद ऐकायचाही अधिकार नाकारणारे, रूढीला शास्त्राधार देणारे जे पंडित होते, ते संस्कृत वाचत होते. क्षमाबाईंनी विधवेची फिर्याद थेट त्यांच्या कोर्टात, त्यांच्याच भाषेत नोंदवली. प्रतिपक्षाच्या हिरवळीवर जाऊन खेळायचे, ही गोष्ट त्या टेनिसमध्ये शिकल्या असतील. विद्वानांच्या परिषदेने पुढे त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली. पंडित हे आडनाव जन्माने मिळाले होते, लग्नाने गेले आणि कर्तृत्वाने परत आले.

आणि मराठीचे ऋण त्या विसरल्या, असेही नाही. ‘मीरालहरी’ १९४४ ची. त्यानंतर ‘तुकारामचरितम्’, ‘रामदासचरितम्’ आणि ‘ज्ञानेश्वरचरितम्’ ही तीन चरित्रकाव्ये त्यांनी लिहिली. गंमत अशी, की ज्ञानोबांनी १२९० मध्ये संस्कृतातली गीता मराठीत आणली आणि साडेसहाशे वर्षांनी एक मराठी बाई ज्ञानोबांनाच संस्कृतात घेऊन गेली. देहूच्या वाण्याची कथा काशी-कांचीच्या शास्त्र्यांनी वाचावी, ही त्यामागची तळमळ असणार. त्यांना विनोदाचे वावडे नव्हते. त्रिवेंद्रमला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेच्या प्रवासावर त्यांनी ‘विचित्रपरिषद्यात्रा’ नावाचे खुसखुशीत काव्य लिहिले. विद्वानांच्या मेळाव्यातली धांदल आणि मानापमान ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना नुसते नाव वाचूनच हसू येईल.

१९३९ मध्ये आलेल्या एका पुस्तकापाशी मी नेहमी जास्त वेळ थांबतो. ‘शङ्करजीवनाख्यानम्’. हे वडिलांचे चरित्र. ज्या वडिलांचा चेहराही तिला धड आठवत नसणार, त्यांचे आयुष्य लेकीने कागदपत्रांवरून आणि सांगोवांगीवरून जुळवून त्यांच्याच प्रिय भाषेत श्लोकबद्ध केले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी न भरलेला वारसाचा अर्ज तिने असा भरला.

लीलाबाईंनी तोच कित्ता पुढे गिरवला. टेनिसमध्ये त्या १९३१ साली पहिल्यांदा अखिल भारतीय अजिंक्यपद जिंकल्या आणि पुढच्या बारा वर्षांत आणखी कितीतरी वेळा. फ्रेंच स्पर्धेतही त्या खेळल्या. पुढे त्यांनी भारतीय नृत्यावर ‘नृत्तमञ्जरी’ हा ग्रंथ लिहिला. सनदी अधिकारी आणि मुत्सद्दी हरीश्वर दयाळ यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि हिमालयाच्या कुशीत त्यांचा संसार झाला. आईच्या कथांवर त्यांनी संस्कृतात नाटके लिहिली. आजोबांनी संस्कृत ग्रंथ शोधले, आईने ती भाषा वर्तमानात आणली, नातीने ती रंगमंचावर नेली. असा तीन पिढ्यांचा वारसा आपल्याकडे पहिलवानांच्या आणि गवयांच्या घरांत दिसतो. हा बापाकडून लेकीकडे आणि लेकीकडून तिच्या लेकीकडे गेला, हे त्याचे वेगळेपण.

२२ एप्रिल १९५४ रोजी क्षमाबाई वारल्या. वय अवघे त्रेसष्ट, म्हणजे आज माझे आहे त्याच्या आसपास. दोन-अडीच महिन्यांनी रामनाथन कृष्णन या भारतीय मुलाने विम्बल्डनचे कुमारांचे विजेतेपद मिळवले. पुढे १९६० आणि १९६१ अशी दोन वर्षे तो पुरुष एकेरीच्या उपांत्य फेरीत पोहोचला. त्या बातमीचा आनंद घ्यायला त्या असायला हव्या होत्या, असे उगाच वाटून जाते.

मग इतकी मोठी बाई आपल्या विस्मरणात का गेली? टेनिसवाल्यांच्या लेखी त्या लीला रावची आई. संस्कृतवाल्यांना त्यांची रॅकेट म्हणजे चरित्रातली एक किरकोळ नोंद. मराठी वाचकांच्या खाती त्यांचे मराठी पुस्तक जमा नाही आणि स्वातंत्र्याचा इतिहास लिहिणारे पॅरिसला छापलेल्या श्लोकांकडे वळत नाहीत. बँकेत एक प्रकार असतो. रक्कम असते, पण कोणत्या खात्यावर टाकायची ते कळत नाही, म्हणून ती एका तात्पुरत्या खात्यावर पडून राहते. दर सहामाहीला कोणीतरी विचारतो, कोणीतरी पुढे ढकलतो. क्षमाबाईंचे तसे झाले आहे. रक्कम मोठी आहे, खाते ठरलेले नाही.

ते खाते आपल्याकडच्या मुलींचे आहे, असे मला वाटते. २००५ मध्ये सानिया मिर्झाने विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकला, २०१५ मध्ये मार्टिना हिंगिसबरोबर दुहेरीचे विजेतेपदच आणले. २०२२ साली विम्बल्डनने चौदा वर्षांखालील मुलामुलींची स्पर्धा पहिल्यांदा भरवली, तेव्हा त्या हिरवळीवर उतरली आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव. पन्हाळा तालुक्यातली मुलगी. लीला रावच्या सामन्याला तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षे झाली होती. ज्या मुलीला मी मघाशी उसाच्या फडात पाठवले होते, ती विम्बल्डनला पोहोचली! बोटीच्या भाड्याची ऐपत असलेल्या घरातच जन्मायला हवे, ही अट थोडी सैल झाली आहे. पुरती गेली असे मी म्हणणार नाही. रॅकेटीच्या तारा, प्रशिक्षकाची फी आणि गावोगावच्या स्पर्धांचा प्रवास यांचा हिशेब ज्या पालकांनी केला आहे, त्यांना विचारा.

आजही पुष्कळ घरांत मुलीने दहावीच्या वर्षात खेळ सोडावा असे ठरते. अभ्यास की खेळ, असा प्रश्न टाकला जातो आणि उत्तर आधीच ठरलेले असते. अशा घरातल्या आईवडिलांना क्षमाबाईंची गोष्ट जरूर सांगावी. शंभर वर्षांपूर्वी एका बाईने हा प्रश्न स्वतःला पडूच दिला नाही. ती खेळली, तिने लेकीला खेळू दिले, आणि वयाच्या चाळिशीत, जेव्हा लोक आता काय राहिले म्हणतात, तेव्हा महाकाव्याचा पहिला श्लोक लिहायला बसली.